उताणे तीन महिने आणि पुलावरची शेळी

चप्पल

माझ्या उजव्या पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि मला ते कळलंच नाही. दुकानातून समोरच्या मेसपर्यंत मी एकाच चपलेवर चालत गेलो. मेसच्या गंगाबाई दारातूनच ओरडल्या, "अहो शेठ, एक चप्पल तिकडंच राहिली की! भर दुपारी लावून आलाव का काय?"

मी हसलो आणि खाली पाहिलं. मे महिना, दुपारचे बारा, पाय सरळ डांबरावर. चटका बसत नव्हता.

पाठ तर सात-आठ महिन्यांपासून दुखत होती. मी तिला किंमत देत नव्हतो. लातूरला क्लासेसच्या भागात माझं कॉट, गाद्या आणि टेबलांचं दुकान आहे. परीक्षा झाली की मुलं गावाकडं जातात, त्यांचं सामान मी घेतो. जूनमध्ये चाकूर, उदगीर, पार इस्लापूरकडून नवी मुलं येतात, त्यांना तेच सामान रंग मारून देतो. लोखंडी कॉट उचलणाऱ्याची पाठ दुखणारच, असं मी धरून चाललो होतो. तेल लावलं, शेकलं, एका माणसाकडून पाठीवर पायसुद्धा देऊन घेतला. संध्याकाळी अंगात कणकण असायची, पँट कमरेत ढिली झाली होती. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा. मी म्हणायचो, सीझन होऊ दे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची पाठ असं काही करत असेल, तर सीझनची वाट बघू नका. एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी माझं लिहिणं वसूल झालं.

दुसरा भाव

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडापुढं धरली आणि म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे."

"टीबी खोकल्याचा असतो. मला खोकला नाही."

"हाडालाही होतो. औषधानं बरा होतो. गोळ्या वर्षभर, कदाचित जास्त. पण नसांवर दाब आलाय, म्हणून तीन महिने सपाट झोपून राहायचं. उठून बसायचंसुद्धा नाही."

"दीड महिना करा."

"काय?"

"तीन फार होतात, साहेब. दीड करा. वाटल्यास गोळ्या वाढवा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शेठ, ही कॉट नव्हे."

मग त्यांनी विचारलं, घरात, रक्ताच्या नात्यात, कोणाला टीबी झाला होता का? आई, वडील, भाऊ? मी म्हणालो, आईवडील भूकंपात गेले, आणि भाऊ नाही मला. माझी बायको, म्हणजे आमच्या मुलीची, श्रद्धाची आई, बाजूलाच उभी होती. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. डॉक्टरांपासून काही लपवू नये, असं मी आता भेटेल त्याला सांगतो. मी स्वतः पहिल्याच दिवशी लपवलं.

पहिल्या दुकानात सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी मान्य केला नाही. म्हणून अँब्युलन्समध्ये आडवा होऊन नांदेडला गेलो, दुसरा डॉक्टर बघायला. तिथंही तीनच महिने. वर आठ दिवस ठेवून घेतलं.

त्या आठ दिवसांत बऱ्याच गोष्टींची लाज गेली. कूस बदलायची तर दोन माणसं लागायची. लाकडाचा ओंडका वळवावा तसं डोकं, कंबर, पाय एकदम. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी झाली आणि मला वाटलं रक्तच जातंय. मी वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टर म्हणाल्या, "गोळीचा रंग आहे काका. एवढ्या मोठ्यानं ओरडताय म्हणजे फुप्फुसं उत्तम आहेत तुमची." तुम्हालाही तसं होईल. घाबरू नका. तिथं एक मावशी भांडं द्यायला आणि न्यायला यायच्या. त्या दर वेळी खिडकीकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि बाहेर काय चाललंय ते सांगत राहायच्या. लिंबाखाली कोण जेवतंय, कोणाची गाडी सुरू होत नाही. मी काय करतोय याकडं त्यांचं लक्षच नाही, असं मला वाटावं म्हणून. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

तीन स्लॅब

लातूरला आणलं तेव्हा खरी अडचण उभी राहिली. माझं घर तीन मजल्यांचं आहे. खाली आम्ही आणि दुकान, वर मुलांना दिलेल्या खोल्या. पण मी स्वतः त्या घरात कधी झोपलो नाही. गच्चीवर पत्र्याची खोली बांधून घेतली आहे, तिथं झोपतो. उन्हाळ्यात भट्टी होते, तरी तिथंच. आता जिना चढता येणार नव्हता. खालच्या खोलीत, तीन स्लॅबच्या खाली, उताणं झोपायचं होतं. आणि काही झालं तर पळता येणार नव्हतं.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडचं. त्र्याण्णवला मी बावीस वर्षांचा होतो. मी आणि माझा मोठा भाऊ अण्णा शेतात होतो, वहिनी माहेरी होती, म्हणून आम्ही तिघं राहिलो. आमचे वडील आप्पा आणि आई घरात होते. दगडमातीच्या भिंती होत्या, हातभर रुंद. अधिक लिहीत नाही.

त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पुढं नव्या गावात घरं मिळाली, सरळ रांगांमध्ये, नंबर टाकलेली. आमचं एकत्र कुटुंब धरून एकच घर मिळालं, अण्णाच्या नावावर. यादी लागली तेव्हा आम्ही अजून शेडमध्येच होतो. मी म्हणालो, माझंही नाव घालायला सांग. अण्णा म्हणाला, नाव कशाला पाहिजे, मी काय तुला हाकलतोय? मी म्हणालो, मग मी चाललो. गादीची वळकटी खांद्यावर टाकली आणि निघालो. शेडपासून जीप थांब्यापर्यंत दोनशे दहा पावलं होती. मी मोजली. अण्णानं मागून एक हाक मारली नाही.

तेव्हापासून मला भाऊ नव्हता. लातूरला आलो, दुसऱ्याच्या दुकानात गाद्या शिवल्या, मग स्वतःचं दुकान काढलं. लग्न माझं मी केलं. अण्णाला कळवलं नाही.

तर असा मी त्या स्लॅबखाली झोपलो. वरच्या खोलीत कोणी खुर्ची सरकवली की माझे दोन्ही हात कॉटच्या कडा धरायचे. मी ओरडायचो, "कोण हलवतंय रे!" वर एकदम शांत व्हायचं. दोन मुलांनी महिना भरायच्या आत खोली सोडली. श्रद्धाची आई म्हणाली, "त्यांची परीक्षा आहे. तुमच्या भीतीनं ते श्वास घेऊन नाही राहिले."

सौदा

श्रद्धा माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. नीटचा दुसरा प्रयत्न करत होती. क्लासनं लेक्चर बघायला टॅब दिला होता. जानेवारीत, पहिल्या प्रयत्नाच्या वेळी, मी तिला त्या टॅबवर गाजरं लावताना पकडलं. कसलासा खेळ होता, तळ्याकाठचं गाव, त्यात आपलं एक खोपटं. त्याच आठवड्यात क्लासच्या भिंतीवर टेस्टचे नंबर लागले होते आणि तिचं नाव खालून शोधावं लागलं होतं. मी टॅब काढून घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती नंतर लायब्ररीत जाऊन लेक्चर बघायची आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची.

नवव्या आठवड्यात, मी वरच्या मुलांवर ओरडून दमल्यावर, ती माझ्या कॉटपाशी येऊन उभी राहिली.

"अप्पा, कपाटाची किल्ली द्या."

"कशाला?"

"तुमच्या डोळ्यांपुढं स्लॅबशिवाय दुसरं काहीतरी पाहिजे. वीस दिवस तो खेळ खेळा. विसाव्या दिवशी खरं खरं सांगायचं, वेळ वाया गेला की नाही. वाया गेला म्हणालात तर परीक्षेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर मी एक गोष्ट मागणार. काय ते तेव्हा सांगेन."

"मी न बघता माल घेत नाही."

"मग राहिलं," ती म्हणाली आणि वळली. दाराकडं चालायला लागली. मागं बघितलं नाही, पाय हळू केले नाहीत. हे तिला मी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून दुकानात बसून ती बघत आली होती.

चौथ्या पावलाला मी म्हणालो, "ये, ये. ठरलं."

मच्छरदाणीच्या दांड्यांना आडवी पट्टी बांधून टॅब माझ्या तोंडावर टांगला. पट्टी कुठं, गाठ कशी, हे सगळं मी उताणा पडून सांगत होतो आणि त्या मायलेकी एकमेकींकडं बघत हसत होत्या. टॅब लावल्यावर स्लॅब बरोबर त्याच्या मागं झाकला गेला.

बदकशेठ

खेळ असा. तळ्याकाठी गाव. गावात प्राणी राहतात, माणसांसारखे कपडे घालून. तुम्ही गाजरं, भोपळे लावा, मासे धरा, शेजाऱ्यांना काहीबाही भेट द्या, घर सजवा. शत्रू नाही, मारामारी नाही, वेळेची घाई नाही. त्यातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. इथं सकाळ तर तिथं सकाळ. आज गाजर लावलं तर चार दिवसांनी येणार, कितीही बोटं आपटा.

पहिल्या दिवशी मला राग आला तो दुकानाचा. दुकान एका चष्मेवाल्या बदकाचं. मी त्याला बदकशेठ म्हणायचो. भाव लिहिलेला. कमी करायची सोय नाही. मी काउंटरवरून वळलो आणि दाराकडं निघालो. गिऱ्हाइकाचं हे हत्यार सगळ्या जगात चालतं. चार पावलं जाऊ द्या, हाक येते. पण वळून मागं बघायचं नाही, पाय थांबवायचे नाहीत. ज्यानं मागं बघितलं त्याचा भाव पडला. हाच नियम धरून मी आयुष्य उभं केलं आहे.

बदक म्हणालं, "पुन्हा या!" इंग्रजीत, हसून. मी दारातून बाहेर. पुन्हा आत गेलो, पुन्हा वळलो. "पुन्हा या!" पाच वेळा.

"अप्पा, ते हाक मारणार नाही," श्रद्धा भाजी निवडत म्हणाली. "त्याला यायचं नाही ते."

"मग कसला दुकानदार!"

तरी दुसऱ्या दिवशी जाग आल्याबरोबर मी गाजरं बघितली. कोंब आले होते. सांगायला संकोच वाटतो, पण चप्पल निसटल्या दिवसापासून उद्याची वाट मी पहिल्यांदाच बघितली होती. पाय माझे इंचभर हलत होते का नाही ते डॉक्टर सांगणार. गाजर मात्र मला रोज दिसत होतं. ज्यांना महिनोन् महिने पडून राहायचं आहे त्यांना मी हे गंभीरपणे सांगतो. खेळ असो नाहीतर खिडकीतली मेथीची कुंडी, जिच्यात कालपेक्षा आज थोडं जास्त दिसेल अशी एक वस्तू जवळ ठेवा.

आणि शेळीबाई. ती माझी शेजारीण. गळ्यात लाल मफलर, दाराशी बसून विणत असायची. मी गेलो की म्हणायची, आज वारा छान आहे. मला रोज बारा माणसं भेटायला यायची आणि बाराही जण चेहरा पाडून विचारायची, "आता कसं वाटतंय?" शेळीबाईनं ते एकदाही विचारलं नाही. मला फार बरं वाटायचं. तिथं नंबर नव्हते. कोण पुढं, कोण मागं, हे कुठल्या भिंतीवर लागत नव्हतं. जानेवारीत श्रद्धा तिथं का जात होती, ते मला दहाव्या दिवशी कळलं. तिला सांगितलं नाही.

खोटही दिसत होती. आठवड्यानं शेळीबाई तेच तेच बोलायला लागली. तिथं कोणाला ताप येत नाही, कोणी म्हातारं होत नाही, जमीन हलत नाही. एकदा रागाच्या भरात मी मासे धरायची जाळी शेळीबाईच्या डोक्यात घातली. ती रुसली, पाठ फिरवली. मिनिटभरानं पुन्हा, आज वारा छान आहे. हे मला पटलं नाही. तीस वर्षं धरून ठेवलेला राग ज्याच्याकडं आहे, त्याला असं गाव नकली वाटणारच.

पुलावर

चौदाव्या दिवशी शेळीबाई घरापाशी नव्हती. गावाबाहेर जाणाऱ्या पुलावर उभी होती, हातात पेटी. मी जवळ गेलो तर म्हणाली, दुसरीकडं जावं म्हणते. खाली दोन चौकोन आले. एकावर 'थांब ना', दुसऱ्यावर 'जा, सुखात राहा'.

मी दोन्हीला हात लावला नाही. खेळ बंद केला. श्रद्धानं विचारलं तर म्हणालो, "जाणाऱ्याला मी अडवत नाही. तिला राहायचं असेल तर येईल परत."

संध्याकाळी उघडून बघितलं. ती पुलावरच उभी होती. मी दुरून बघितलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घराच्या जागी मोकळी जमीन होती आणि पाटी, प्लॉट रिकामा आहे.

उताणं झोपून रडलं तर पाणी कानात जातं. हे मला तोवर माहीत नव्हतं. मी डोळे पुसत नव्हतो म्हणून श्रद्धाच्या आईला आधी कळलंच नाही. मग तिनं पदरानं कान पुसले आणि म्हणाली, "काय झालं? दुखतंय?"

"शेळी गेली."

ती हसली नाही. श्रद्धा अभ्यासाच्या टेबलावरून उठून आली. "अप्पा, एक बटण होतं. नुसतं 'थांब ना' म्हणायचं होतं. ती दिवसभर त्यासाठीच उभी असते."

मग मी तिला दोनशे दहा पावलं सांगितली. शेड, वळकटी, जीप. ती वाक्यं मी मनात हजारदा म्हटली होती, तोंडानं पहिल्यांदाच. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "एक हाक मारली असती तरी मी वळलो असतो. त्यानं मारली नाही. म्हणजे त्याला मी नकोच होतो."

श्रद्धानं विचारलं, "तुम्ही वळून बघितलं होतं का?"

"मी कशाला बघू?"

विसावा दिवस

त्या दिवशी सकाळी पट्टा आला, छातीपासून कमरेपर्यंत आवळणारा, आणि डॉक्टरांनी वॉकर धरून रोज दहा पावलांची परवानगी दिली. तीन महिन्यांनी खोली उभी दिसली. मी चार पावलं टाकली आणि घामानं भिजलो. दोन्ही चपला पायात होत्या, त्या मला जाणवत होत्या. मी पुन्हा पुन्हा खाली बघत होतो.

दुपारी श्रद्धा म्हणाली, "बोला. वेळ वाया गेला का?"

खोटं बोलून सौदा जिंकता आला असता. पण न विकल्या जाणाऱ्या मालालाही मी आजवर खोटं नाव ठेवलेलं नाही. मी म्हणालो, "खेळात दम नाही. घासाघीस नाही, राग टिकत नाही, आजारपण नाही. त्यात कायमचं राहायला गेलं तर माणूस मऊ पडेल. हात अवघडतात, डोळे दुखतात, आणि एक तास म्हणून बसलं की तीन जातात. पण माझे हे वीस दिवस वाया गेले नाहीत. स्लॅब विसरलो. माग, काय मागायचं ते."

"काकांना फोन करा."

"हे ठरलं नव्हतं."

"न बघता घेतलाय तुम्ही माल."

"तू कर. मी ऐकतो."

"तुम्हीच बोलायचं."

"एक वाक्य बोलेन. जास्त नाही."

"चालेल."

नंबर कुठून आणणार, असं मी विचारलं. श्रद्धाची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्याकडं आहे. वहिनींशी सात वर्षांपासून बोलून राहिले मी." मला त्या क्षणी दोघींना घराबाहेर काढावंसं वाटलं. पट्ट्यामुळं मोठा श्वास घेता येत नव्हता, म्हणून ओरडता आलं नाही.

पलीकडून आवाज आला, "हॅलो? कोन?"

म्हातारा आवाज. मी ओळखला.

"मी."

मागं कुठं तरी म्हैस ओरडत होती.

"हाव. बोल, बसू."

तीस वर्षांत मला बसू कोणी म्हटलं नव्हतं. लातूरला मी बसवराजशेठ. मी ठरलेलं एक वाक्य बोललो, "पाठ गेली होती माझी, तीन महिने झोपून होतो."

"अन् आत्ता सांगून राहिला व्हय?" अण्णा एकदम चिडला. आमच्या घरातला राग सगळ्यांचा सारखाच. "तीन महिने! म्हस व्यायला आलीय, न्हाईतर आत्ता निघालो असतो. व्याली की येतो. पडून ऱ्हा गप." आणि फोन ठेवला.

चीक

आठव्या दिवशी अण्णा आला. हातात किटली, झाकणाला फडकं बांधलेलं. म्हशीचा चीक. आमच्याकडं पहिला चीक घरच्या माणसांना वाटतात. किटली त्यानं श्रद्धाच्या आईकडं दिली, माझ्याकडं नाही. खुर्ची ओढून बसला, वर स्लॅबकडं बघितलं.

"ह्याच्याखाली झोपतोस?"

"तीन महिने."

"मी अजून अंगणात पत्रं टाकून झोपतो. घर मिळालं ते तुझ्या वहिनीनं वापरलं." मग म्हणाला, "त्याच घरासाठी गेलास तू."

झालं, आमची जुंपली. नावावरून. मी म्हणालो, माझं नाव घालायला काय जात होतं? तो म्हणाला, नाव कागदाला लागतं, भावाला कशाला? मी म्हणालो, कागदावर नसलेला भाऊ तुला चालत होता. वरच्या मजल्यावर खुर्च्यांचे आवाज बंद झाले. श्रद्धा दारात येऊन उभी राहिली. शेवटी मी म्हणालो, "ते सोड. त्या दिवशी हाक का मारली नाहीस? मी जीपपर्यंत गेलो. एक हाक मारली नाहीस."

अण्णा माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, की मला कळेना मी काय चुकीचं बोललो.

"निघाल्या मान्साला मागून हाक मारत्यात का?"

अण्णानं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आप्पा गेला, आई गेली, घर गेलं. उरलेला एक भाऊ पोटापाण्याला निघाला. त्याला मागून हाक मारून अपशकून करू? शेडच्या दारात उभा होतो मी. जीप हलूस्तवर. तू वळून बघशील म्हून. बघितलास की हात करून बोलवायचं, आसं ठरवलं होतं. तू बघितलंच न्हाईस."

आई घरातून निघणाऱ्याला कधी मागून हाक मारू द्यायची नाही. चुकून कोणी मारलीच, तर त्या माणसाला परत आणून बसवायची, पाणी प्यायला द्यायची आणि मगच जाऊ द्यायची. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते बाजाराच्या नियमानं मोजलं होतं. तो घरच्या नियमानं दारात उभा होता, मी दुकानाच्या नियमानं चालत होतो. दोघंही आपापला नियम पक्का पाळत होतो.

माझा सगळा राग गेला असं मी इथं लिहिणार नाही. कागदावर माझं नाव नव्हतं, ते नव्हतंच, आणि त्यात तो चुकला असं मी आजही म्हणतो. पण दोनशे दहा पावलांचा जो भाग मी रोज नव्यानं मोजत होतो, तो त्या दिवशी संपला.

जेवण झालं. चिकाचा खरवस श्रद्धानं दोनदा घेतला. दुपारी अण्णा उठला, टोपी नीट केली, रिकामी किटली घेतली. "चारची जीप हाय," म्हणाला. श्रद्धाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाला. जीप कोपऱ्यावर उभी होती, दिसत होती.

मी वॉकर धरून उठलो. खोलीपासून रस्त्याच्या दारापर्यंत बरोबर दहा पावलं आहेत. त्या दिवसाची सगळी मी तिथं खर्च केली. चौकटीला खांदा टेकला. अण्णा मेसच्या पुढून जात होता, किटली हलत होती. मागं बघत नव्हता. त्याचे पायही हळू झाले नव्हते. मी मोजायला लागलो आणि एकतीसला थांबलो.

"अण्णा!"

पट्टा असूनही आवाज चांगला निघाला. गंगाबाई मेसमधून बाहेर आल्या. अण्णा थांबला, वळला, जीपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तरातरा परत आला. चेहरा तापलेला.

"मागून हाक मारलास?"

"हाव."

"आता बसावं लागंल की. पानी प्यावं लागंल. जीप जातीय माझी."

"जाऊ दे."

तो दुकानापुढच्या रंगवलेल्या कॉटवर बसला. श्रद्धानं तांब्या आणला. पाणी त्यानं सावकाश प्यायलं, तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं.

"बोल. कशाला हाक मारलीस?"

"काही नाही."

कोपऱ्यावर हॉर्न दोनदा वाजला आणि जीप गेली. अण्णानं चपला काढल्या आणि पाय कॉटवर घेतले.